गणेशपट्टीवरचे १७८२

(‘जुनी घरे, जुने कागद’ : वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : आमचा वाडा सातारा जिल्ह्यात कृष्णाकाठच्या एका गावात आहे. वाडा दोन चौकी. पुढचा चौक अजून उभा आहे, मागचा पडला. गावचे कुलकर्णपण आमच्याकडे होते. आमच्या खापरपणजोबांना पेशव्यांनी हा वाडा बांधून दिला, असे घरात सगळे सांगतात. दिंडीदरवाजाच्या गणेशपट्टीवर १७८२ हा आकडा कोरलेला आहे, म्हणजे काळ नाना फडणविसांचा. माजघरातून नदीपर्यंत भुयार आहे, ते हल्ली बुजले आहे. माळ्यावरच्या पेटीत मोडी कागदांचे गठ्ठे आहेत, काही कागदांवर राणीचे चित्र आहे. सहहिस्सेदार अठरा. पुढच्या दिवाळीनंतर वाडा उतरवायचे ठरले आहे. त्याआधी चाळीसेक पानांचा इतिहास छापून सगळ्यांना द्यावा असे मनात आहे. माझे वय सहासष्ट. सुरुवात कुठून करू? सोबत दाराचा फोटो पाठवतो आहे.

उत्तर : तुमचा फोटो मी मोबाइलवर ताणून ताणून पाहिला. मग मुलाला सांगून संगणकावर मोठा करून घेतला. पट्टीवर ऑइलपेंटचे तीन-चार थर तरी असतील. गणपतीच्या सोंडेपर्यंत रंग गेलाय. तरीही १७८२ च्या अलीकडे एक अक्षर दिसते, ते मला ‘के’ वाटते. आणि आकड्याच्या खालच्या ओळीत सुरुवातीला ‘रौ’ आहे. त्यापुढचे सगळे रंगाने गिळले आहे.

‘के’ म्हणजे शके. शके १७८२ म्हणजे इसवी सन १८६०-६१. आणि त्या वर्षीच्या संवत्सराचे नाव होते रौद्र. आपल्याकडचे संवत्सर काढायची रीत सोपी आहे. शकात बारा मिळवा, साठाने भागा, बाकी उरेल तो क्रमांक. १७८२ अधिक १२ म्हणजे १७९४, साठाने भागल्यावर बाकी ५४, आणि प्रभव या पहिल्या संवत्सरापासून चोपन्नावे संवत्सर रौद्र. आकडा आणि ‘रौ’ असे एकमेकांना टाळी देत असतील तर मला शंका उरत नाही. इसवी सन १७८२ साठी तिथे शके १७०४ लिहिले असते. त्या काळी दारावर इसवी सन कोरायची पद्धतच नव्हती.

म्हणजे वाडा पेशव्यांचा नाही. दुसऱ्या बाजीरावाने १८१८ च्या जूनमध्ये शरणागती पत्करली. साताऱ्याचे राज्यही इंग्रजांनी १८४८ मध्ये खालसा केले. तुमच्या दारावर गणपती बसला तेव्हा कंपनी सरकारही गेले होते आणि राणीचा अंमल सुरू होऊन दोन वर्षे झाली होती. तुमच्या घरातल्या गोष्टीतच हे दडलेले आहे, बघा. तुम्ही सहासष्ट वर्षांचे. पिढीला तीस वर्षे धरली तर वडील १९३० च्या आसपासचे, आजोबा १९०० चे, पणजोबा १८७० चे, खापरपणजोबा १८४० चे. १८६० मध्ये ते विशीत असतील, किंवा त्यांच्या वडिलांनी वाडा बांधला असेल. १७८२ मध्ये मात्र खापरपणजोबांचा जन्म व्हायला अजून पन्नाससाठ वर्षे होती. घरच्यांनी माणूस बरोबर सांगितला, पेशवा मागाहून चिकटला.

हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल, ठाऊक आहे. भूमिअभिलेख खात्यात तीस वर्षे काढल्यामुळे असे चेहरे मी पुष्कळ पाहिलेत. माझ्या आजोळी तर ‘आपण सरदार’ यावर मामा भांडायला उठायचे. कागद लावले तेव्हा कळले की मूळ पुरुष मामलेदार कचेरीत कारकून होता. मामांनी तो कागद पुन्हा घडी घालून ठेवला आणि विषय चहाकडे नेला.

आता पट्टीचे काम आधी करा. रंग खरवडू नका. छिन्नी नको, ॲसिड नको, सँडपेपर तर मुळीच नको. रात्री दिवे घालवून टॉर्च पट्टीला जवळजवळ टेकवून बाजूने धरा. तिरप्या उजेडात कोरीव अक्षरांच्या सावल्या पडतात आणि दिवसा न दिसणारे वाचता येते. डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून असे दहा-बारा फोटो घ्या.

पेशव्यांची गोष्ट कुठून आली याबद्दल माझा तर्क सांगते. तुमच्या पेटीत कुठेतरी सनद असणार. पण सनद घराची सहसा नसते. ती जमिनीची, वतनाची, हक्काची असते. एखादे शेत पेशव्यांच्या काळात इनाम मिळाले असेलही. इंग्रजांनी १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशन बसवले आणि घरोघरच्या इनामदारांना पुरावे काढायला लावले. ज्यांची इनामे टिकली त्यांना १८६३ च्या दुसऱ्या आणि सातव्या कायद्याखाली छापील सनदा मिळाल्या. म्हणजे तुमच्या घरातली तेव्हाची मंडळी नेमकी वाडा बांधायच्या काळात ‘आमचे इनाम पेशव्यांपासूनचे’ हे कचेरीत शपथेवर सांगत होती. पुढच्या पोरांनी ऐकले, आणि जमिनीचे वाक्य घराला लागले. सिद्ध करता येणार नाही, पण अशी उडी मी दोन-तीन घरांत पाहिली आहे.

मग १८६० मध्ये कुलकर्ण्याकडे दोन चौकी वाडा बांधण्याइतका पैसा कुठून आला? नुसत्या कुलकर्णाच्या वतनावर असे वाडे उभे राहत नसत. राणीचे चित्र असलेले ते कागद काढा. ते स्टॅम्पाचे कागद आहेत. त्यात मला गहाणखते आणि कर्जरोखे निघतील असे वाटते, आणि लिहून देणारे आसपासच्या गावांचे शेतकरी असतील. गावचे हिशेब ज्याच्या हाती त्याने सावकारीही करायची, हे त्या काळी सर्रास चाले. १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकरी सावकारांच्या दारावर गेले. सुप्याला १२ मे रोजी सुरुवात झाली, आणि लोकांना धान्यापैशापेक्षा कर्जरोखे हवे होते, जाळायला. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना कर्जातून सोडवण्याचा कायदा आला. तो पुणे, नगर, सोलापूर आणि तुमच्या सातारा जिल्ह्यालाही लागू होता. त्यापुढे शेतकऱ्याकडून रोखा लिहून घ्यायचा तर गावच्या रजिस्ट्रारपुढे लिहावा लागे. तेव्हा १८७९ च्या आधीचे रोखे आणि नंतरचे रोखे वेगळे लावून ठेवा. भाषा कशी बदलली, व्याज कसे लिहिले आहे, ते तुम्हालाच दिसेल.

हे पुस्तकात घालायचे का, असा प्रश्न अठरा सहहिस्सेदारांपैकी निदान सहा जण विचारतील. माझ्या मते घालावे. त्या रोख्यांवर ज्यांचे अंगठे आहेत, त्यांची नातवंडे-पतवंडे तुमच्याच गावात राहतात आणि त्यांच्या घरी या वाड्याची वेगळी गोष्ट सांगतात. त्यांच्यातल्या एखाद्या म्हाताऱ्याकडे जाऊन बसा. तो तुम्हाला बैठकीच्या सोप्यात कोणाला बसू देत आणि कोणाला देवडीशीच उभे करत, एवढे नक्की सांगेल. तुमच्या चुलत्यांकडून ते कळायचे नाही.

आता कागदांचा क्रम. लोक पहिली धाव पुण्याच्या पेशवे दप्तराकडे घेतात. तिथे कोट्यवधी कागद आहेत. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी त्यातले निवडून १९३० ते १९३४ या काळात पंचेचाळीस भाग छापले, तरी तो ढिगाचा कोपराच. साताऱ्याच्या महाराजांचे दप्तरही तिथेच आहे. पण वाडा १८६० चा असेल तर तिथे त्याच्या बांधणीचे काही सापडायचे नाही. इनामाचा माग काढायला पुढे कधीतरी जा. सुरुवात आजपासून करा आणि पायरी पायरीने मागे जा.

गावठाणाचे नगर भूमापन (सिटी सर्व्हे) झाले असेल तर मिळकत पत्रिका आणि चौकशी नोंदवही मागा. चौकशी नोंदवहीत त्या वेळी दावा कोणी सांगितला, कोणता कागद दाखवला, हे लिहिलेले असते. मिळकत पत्रिकेपेक्षा मला ती जास्त आवडते. भूमापन झाले नसेल तर ग्रामपंचायतीचा नमुना आठ पाहा. खेड्यांच्या गावठाणांची ड्रोनने मोजणी करणारी स्वामित्व योजना २०२० मध्ये आली, तिचा नकाशा झाला असेल तर तोही घ्या. मग दुय्यम निबंधकांकडे, म्हणजे दस्तनोंदणीच्या कचेरीत, जुन्या सूच्या चाळा, आणि तिथे एकच गोष्ट शोधा, वाटणीपत्र.

वाटणीपत्रावर मी थोडी थांबणार आहे, कारण वाड्याचा इतिहास भांडणाच्या कागदात असतो. गुण्यागोविंदाने राहणारी माणसे घराचे वर्णन कशाला लिहून ठेवतील? भाऊ वेगळे निघाले की मगच लिहिले जाते, कोणता सोपा किती खणांचा, कोणाची ओसरी, कोणाचे धान्याचे बळद. एका वाटणीपत्रात मी जिन्याच्या पायऱ्या मोजलेल्या पाहिल्यात. खालच्या सात थोरल्याकडे, वरच्या सहा धाकट्याकडे, आणि दुरुस्तीचा खर्च त्या हिशेबाने. विहिरीवर तिघांचा सारखा हक्क, पण रहाट थोरल्याचा. देवघर समाईक, गणपती पाळीपाळीने. परड्यातला फणस कोणाचा यावर मात्र एकमत झाले नव्हते. ‘फणसाचे मागाहून ठरवावे’ असे लिहून सह्या केल्या आहेत. असा एक कागद हाती लागला की पडलेला चौक कागदावर पुन्हा उभा करता येतो. रजिस्टर झालेले नसेल तर दिवाणी दाव्याचा हुकूमनामा शोधा, त्यातही चतुःसीमा आणि खोल्यांची यादी असते.

खण म्हणजे दोन खांबांमधला गाळा, हे तुम्हाला ठाऊक असेलच. वाडा उतरवण्याआधी तो खणाखणाने मोजून आलेखाच्या कागदावर काढून ठेवा. प्रत्येक खोलीला घरातल्या बायका काय म्हणत, तेच नाव घाला. ‘बेडरूम क्रमांक दोन’ असे कृपा करून लिहू नका. बाळंतिणीची खोली असेल तर तसेच लिहा.

मोजताना भिंती आणि छप्परही वाचा. फोटोत तुमच्या वाड्यावर मंगळुरी कौले दिसतात. मंगळूरला बासेल मिशनने कौलांचा कारखाना १८६५ मध्ये काढला, म्हणजे तुमचे आजचे छप्पर मूळचे नाही. आधी नळीची कौले असणार. आढ्याजवळ वाशांना जुन्या खाचा दिसतात का पाहा. खिळे चौकोनी आणि ओबडधोबड असतील तर लोहाराने घडवलेले, गोल तारेचे असतील तर नंतरच्या दुरुस्तीचे. कुठे लोखंडी तुळई असेल तर तिच्यावर कारखान्याचे नाव उठवलेले असते. टाटांचे असेल तर काम १९१२ नंतरचे. खांब सुरूच्या झाडाच्या घाटाचे कोरलेले आहेत की साधे चौकोनी, आणि ते माडीवर बदलतात का, हेही टिपा. माडी मागाहून चढवलेली असते तेव्हा खांब चुगली करतात.

मागचा चौक ‘पडला’ एवढेच लिहिलेत. कधी? कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, पहाटेचा. तुमच्या भागात त्याची आठवण असलेली माणसे अजून आहेत. पण तुमचे घर कुलकर्ण्यांचे, म्हणून दुसरेही विचारते. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये सातारा भागात ब्राह्मणांची पुष्कळ घरे जळाली. अशा घरांत पुढे कोणी ‘जाळला’ म्हणत नाही, ‘त्या वर्षी मागचा चौक गेला’ म्हणतात. ढिगाऱ्यातल्या तुळया काळ्या, कोळशासारख्या आहेत का, ते हात लावून पाहा आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला एकटीला गाठून विचारा. यातले काहीच नसेल तर तिसरे कारण रोकडे आहे. कुलकर्णी वतने १ मे १९५१ ला गेली, जातइनामे, म्हणजे व्यक्तीला दिलेली इनामे, १ ऑगस्ट १९५३ ला, आणि कुळे १ एप्रिल १९५७ ला जमिनीची मालक झाली. सहा वर्षांत उत्पन्नाच्या तिन्ही वाटा बंद. कौले फिरवायला, वाळवी काढायला, पांढऱ्या मातीच्या भिंती लिंपायला पैसा राहिला नाही. मुले पुण्या-मुंबईला गेली. मागचा चौक बहुतेक पावसानेच पाडला, फार तर भूकंपाने शेवटचा धक्का दिला.

पेटीतल्या मोडी कागदांबद्दल. गठ्ठे सोडताना ज्या क्रमाने आहेत तसेच ठेवा, कारण बांधणाऱ्याने कधीतरी विचार करून एकत्र बांधलेले असतात. गठ्ठा ज्यात बांधलाय त्या रुमालाचाही फोटो घ्या. लॅमिनेशन करू नका आणि चिकटपट्टी लावू नका. तिच्या डिंकाने पाचपंधरा वर्षांत अक्षर जाते. गावचे दप्तर कुलकर्ण्याच्या घरी असे, त्यामुळे तुमच्या पेटीत गावाचेही कागद निघतील. तारखा शकात नसून अरबी आकड्यांत असल्या तर घाबरू नका. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६१. हा शुहूर सन, मृगापासून सुरू होतो. मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढे ६००. झाले १७६०-६१, पानिपताचे साल. असा एखादा कागद निघाला तर तुमच्या घरचा पेशवाईचा धागा खरा. वाड्याचा नाही, तुमच्या घराण्याचा.

राहिले भुयार. माझ्या आत्याच्या सासरीही नदीपर्यंत भुयार होते. मी लहान असताना पोरांनी दिवाळीच्या सुट्टीत ते खणले. अकरा फुटांवर दगडी भिंत लागली, खाली भुसा आणि किडलेली ज्वारी. धान्याचे पेव होते ते. काही वाड्यांत तळघर असते, काहींत पावसाच्या पाण्याची बांधीव मोरी, जी खरोखरच नदीच्या दिशेने जाते. पण माणूस चालत जाईल असे भुयार कृष्णेच्या काठी, दरसाल पुराचे पाणी चढते त्या मातीत, कोण कशाला खोदेल? पुस्तकात भुयाराची गोष्ट जरूर घाला. ती कोणी सांगितली त्याचे नाव घालून घाला. आणि वाडा उतरवाल तेव्हा जेसीबी आणण्याआधी माजघराची फरशी हाताने काढून बघा. काय निघते ते मला कळवा.

प्रश्न : मोडी वाचायला शिकायचे आहे. वय सत्तर. जमेल का?

उत्तर : जमेल. राज्याचे पुराभिलेख खाते मोडीचे वर्ग घेते, पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळही घेते. अक्षरओळख महिन्याभरात होते. वेळ लागतो तो लिहिणाऱ्याच्या लपेटीला. मोडीत शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत आणि निम्मे शब्द संक्षेपात असतात. म्हणून आधी छापील उतारे असलेले कागद घ्या. पेशवाईतल्या अक्षरापेक्षा १८८० नंतरची टाकाने लिहिलेली मोडी जास्त छळते, हा माझा अनुभव. घरचा कागद पहिल्याच आठवड्यात वाचायला घेऊ नका, हवे तेच त्यात दिसू लागते.

प्रश्न : आमच्या माहेरच्या वाड्यावर चुलतभावाने पुस्तिका काढली. सात पिढ्यांची वंशावळ आहे, पण बायकांची नावे बहुतेक नाहीत. जिथे आहेत तिथे ‘पत्नी : लक्ष्मी’ एवढेच. माझ्या पणजीने विधवा झाल्यावर तीस वर्षे तो वाडा चालवला असे आई सांगायची. तिचे नाव कुठे शोधू?

उत्तर : वंशावळीत शोधू नका, खर्चाच्या कागदांत शोधा. विधवेला पोटगी आणि राहायला जागा द्यावी लागे, म्हणून वाटणीपत्रात तिचे नाव येतेच. ‘माजघरालगतची खोली हयातीपावेतो’ असे काहीसे. चोळीबांगडीसाठी जमीन तोडून दिली असेल तर ती वेगळी नोंद. तिने खरेच कारभार केला असेल तर वसुलीच्या पावत्यांवर तिचा अंगठा किंवा सही असेल, आणि मुलगा अज्ञान, म्हणजे वयाने लहान, असेल तर दाव्यात ‘अज्ञान पालक आई’ म्हणून ती उभी असेल. १९३७ च्या कायद्याने विधवेला नवऱ्याच्या हिश्श्यात हक्क मिळाला. त्यानंतर वारली असेल तर वारसनोंदीचा फेरफार काढा.

नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहा. आडनाव आणि गाव सांगितले की पूर्वी येऊन गेलेल्यांच्या नोंदी काढून दाखवतात. बरोबर कोण आले होते, कोणाचे श्राद्ध केले, तेही लिहिलेले असते. नवऱ्यामागे ती यात्रेला गेली असेल तर तिथे ती स्वतःच्या नावाने सापडेल, आणि कदाचित माहेरच्या गावासकट.

आणि पुतण्याकडे किंवा भावजयीकडे माळ्यावर जुनी भांडी असतील, ती खाली काढा. पातेली, तपेली, घंगाळे, पाण्याचे हंडे. काठाखाली टिंबाटिंबांनी नाव घातलेले असते, कधी शकही. भांड्यांवर बायकांची नावे असतात, लग्नात कोणाला काय आले ते विसरू नये म्हणून. चिंचेने घासून उन्हात धरा. वाडा विकताना भांडी वजनावर जातात, तेव्हा लवकर जा.